भाषा येते, पण हमीदार?
‘जपानी येत असेल तर टोकियोत घर मिळायला अडचण नाही’ हे लेखातलं वाक्य वाचून हसूच आलं. जपानी भाषेची एन-टू ही वरच्या पातळीची परीक्षा पास होऊनही मला तीन ठिकाणी नकार मिळाला, तोही अगदी अदबीने. एजंट समोरच घरमालकाला फोन लावायचा. ‘गाइकोकुजिन’, म्हणजे परदेशी, हा शब्द कानावर पडला की पुढचं उत्तर मला आधीच कळायचं. (भाषा येण्याचा तेवढा फायदा झाला म्हणा!)

आणि लेखात रेइकिनचा उल्लेखच नाही? घरमालकाला ‘आभार’ म्हणून द्यायचे हे पैसे परत मिळत नाहीत. शिकिकिन म्हणजे अनामत वेगळी, हमीदाराच्या जागी उभ्या राहणाऱ्या हमी कंपनीची फी वेगळी. शेवटी यूआर या सरकारी गृहसंस्थेचं घर भाड्याने घेतलं. तिथे रेइकिन नाही, हमीदार लागत नाही, करार वाढवायची फीही नाही. इमारत जुनी, पाचवा मजला, लिफ्ट नाही. चालतंय.