एका तुफानाला टू बीएचके

आमच्या सोसायटीच्या इतिवृत्तात माझ्याबद्दल एकच ओळ आहे. ‘सभासद क्र. ११ यांनी तारीख या विषयावर हिंदीतून मत मांडले.’

त्याचं असं झालं. ठाण्याच्या नौपाड्यातली आमची इमारत १९७६ची. तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही, गच्चीवर पत्रे. पुनर्विकासाची चर्चा सुरू झाली तेव्हा मुलगी बालवाडीत होती, आता ती इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दर सभेला बिल्डरचा माणूस यायचा, सामोसे खायचा आणि ‘पुढच्या महिन्यात नक्की’ म्हणून जायचा. एका रविवारी माझ्यातला सनी देओल जागा झाला. १९९३ सालच्या ‘दामिनी’त त्यानं भर कोर्टात जे केलं, ते मी पार्किंगमधल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून उठून केलं. ‘तारीख पे तारीख, तारीख पे तारीख!’ आवाज मस्त लागला होता. हातही आपटला. टेबल म्हणजे दोन ड्रमांवर ठेवलेला कॅरम बोर्ड होता, त्यामुळे चटणी खजिनदारांच्या झब्ब्यावर गेली.

सनीला त्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मला पाठपुरावा उपसमितीचं निमंत्रकपद मिळालं.

तेव्हा पहिल्यांदा डोक्यात उजेड पडला. सिनेमात डायलॉग चालतो, कारण समोरच्याचं उत्तरही त्याच लेखकानं लिहिलेलं असतं. सनीसमोर अमरीश पुरी होता, तो चिडला. माझ्यासमोर आमचे सेक्रेटरी होते, ते म्हणाले, “वा, छान. मग तारखांचं आता तुम्हीच बघा.”

पण खोड जाते कुठे! आमच्या घरात ही सोडून सगळ्यांनाच डायलॉगचं व्यसन. मुलगी ‘सैराट’च्या पिढीची. काहीही दोनदा सांगावं लागलं की ‘मराठीत सांगितलेलं कळत नाय? इंग्लिशमध्ये सांगू?’ हे ठरलेलं. आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, वय वर्षं ८१, यांचा एकच ग्रंथ, ‘नटसम्राट’. शिरवाडकरांचं ते नाटक १९७० साली आलं आणि अण्णांनी ते दादरला शिवाजी मंदिरात इतक्या वेळा पाहिलं की आईनं एकदा डबा तिथंच पाठवू का विचारलं होतं. चहा गार झाला की अण्णा ‘जगावं की मरावं’पासून सुरुवात करतात.

अण्णांचा पुनर्विकासाला विरोध होता. पण कायद्याला ५१ टक्के सभासद पुरतात, आणि त्या ५१मध्ये मी होतो. सही करून वर आलो तेव्हा अण्णा काही बोलले नाहीत. ‘नटसम्राट’मधलंही काही बोलले नाहीत, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. आणि मग जी तारीख पंधरा वर्षं येत नव्हती ती अशी आली की दोन महिन्यांत घर खाली करा. बिल्डर तीन वर्षांचं भाडं देणार, एका महिन्याची दलाली देणार, टेम्पोचे पैसे देणार. घर तेवढं आपण शोधायचं.

भाड्याचं घर शोधणाऱ्या मराठी माणसाचं क्रमिक पुस्तक म्हणजे ‘अशी ही बनवाबनवी’, १९८८. (मूळ कल्पना हृषीकेश मुखर्जींच्या १९६६च्या ‘बीवी और मकान’ची, पण हे ठाण्यात मोठ्यानं बोलू नये.) घरमालकीण फक्त जोडप्यांना जागा देणार, म्हणून चौघांतले दोघे लुगडी नेसतात. त्यातलं सगळ्यात गाजलेलं वाक्य कोणतं, तर ‘धनंजय माने इथेच राहतात का?’ ना त्यात कोटी, ना तत्त्वज्ञान. माणूस पत्ता विचारतोय. पण आमचा पत्ताच जाणार हे ठरल्यावर मला ते वाक्य एकाएकी फार करुण वाटायला लागलं. हिला सांगितलं, तर ही म्हणाली, “ॲसिडिटी असेल. रात्री वडे कोणी खाल्ले?”

बरं, मान्यांनी खोट्या बायका दाखवून घर मिळवलं. मी खरी बायको, खरी मुलगी आणि खरे वडील घेऊन दीड महिना ठाणं पालथं घातलं, तरी कोणी दार पूर्ण उघडेना.

आमचा एजंट चोविसेक वर्षांचा, स्कूटरवर दोन हेल्मेटं बाळगणारा. त्याचे स्वतःचे डायलॉग होते. वडाळा-कासारवडवली मेट्रोच्या खांबांखालून जाताना दर खांबाला तो म्हणायचा, “साहेब, मेट्रो आली की इथलं भाडं बघा.” मी म्हटलं, “अरे, मेट्रो यायच्या आधीच भाडं येऊन बसलंय.” तो म्हणाला, “तेच सांगतोय ना साहेब.” वाघबीळच्या सिग्नलला आम्ही इतका वेळ उभे असायचो की त्याच्या बहिणीच्या लग्नाची सगळी बोलणी मला पाठ झाली. मुलाकडचे पन्नास माणसं म्हणत होते, शेवटी ऐंशीवर तडजोड झाली.

पाचपाखाडीत एक घर जमलंसं वाटलं. खिडकीत आंबा, खाली वाणी, ही खूश. पाच हजार टोकन दिलं. चार दिवसांनी मालकांचा विचार बदलला आणि टोकनचं विचारल्यावर एजंट म्हणाला, “ते पुढच्या घरात ॲडजस्ट करू ना, साहेब.” मी घरी येऊन हिला कसं सांगावं या विचारात चपला काढत होतो. बनवाबनवीत घरमालकाचे सत्तर रुपये जातात ते आपल्याला ठाऊक आहेच. ही, जिनं जन्मात कधी डायलॉग मारला नाही, माझं तोंड बघून आतून म्हणाली, “वारले?”

“वारले,” मी म्हटलं.

वर्तकनगरच्या मालकांनी व्हिडिओ कॉलवर मुलाखत घेतली. गाडी किती, एसी किती, मासे शिजतात का, पाहुणे किती येतात. मला १९७५ सालचा ‘दीवार’ आठवला. अमिताभ यादी वाचतो, बिल्डिंग आहे, प्रॉपर्टी आहे, बँक बॅलन्स आहे, आणि शशी कपूर चार शब्दांत त्याला गार करतो. आपल्याला बिल्डिंग आता नाहीच, तेव्हा भूमिका आयतीच होती. मी अण्णांच्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात म्हटलं, “मेरे पास बाप है.”

पलीकडे शांतता. मग आवाज आला, “म्हणजे माणसं चार की तीन? पाण्याचं बघावं लागतं.”

अण्णा परतीच्या रिक्षात मला म्हणाले, “पॉझ जास्त घेतलास.”

शेवटचं घर मानपाड्याच्या पुढे, एकोणिसाव्या मजल्यावर. घर नंतर दाखवतात, आधी सोसायटीच्या ऑफिसात भाडोत्र्याची मुलाखत. समोर सेक्रेटरी, खजिनदार आणि साठीच्या एक बाई, चष्मा साखळीत अडकवलेला, पुढ्यात वही. मी नोकरी, पगार, पॅन कार्ड सगळं ओळीनं सांगत होतो. हिनं येताना बजावलं होतं, आज एकही डायलॉग नको. मी शपथ घेतली होती. अण्णांना शपथ घालायची राहिली.

अण्णा खिडकीशी उभे होते. बाहेर येऊरचे डोंगर, पावसाळी ढग खाली उतरलेले, आणि एकोणिसाव्या मजल्याचा वारा. अशा नेपथ्यावर नट गप्प कसा बसणार? त्यांनी पाठ आमच्याकडेच ठेवली. दोन्ही हात जरा उचलले. आणि नौपाड्यातल्या तीन मजल्यांना पुरणारा तो आवाज त्या दहा बाय बाराच्या ऑफिसात सोडला.

“कुणी घर देता का, घर?”

खजिनदारांच्या हातातलं पेन थांबलं.

“एका तुफानाला कुणी घर देता का?”

“तुफान?” सेक्रेटरी म्हणाले. ते बिचारे इंदूरचे. “काका, बसा ना. पाणी देऊ? तुम्हाला कोणी घराबाहेर काढलं का?”

अण्णा सावकाश वळले आणि उजव्या हाताची तर्जनी माझ्याकडे केली. “ह्यानं.”

मी तोंड उघडलं. काय सांगणार? सही मीच केली होती. ५१ टक्के, उपसमिती, सामोसे, हे सगळं त्या क्षणी एका वाक्यात बसेना. ही म्हणाली, “अहो, ते नाटकातलं आहे.” तिकडे खजिनदार म्हणाले, “सगळे असंच म्हणतात.” मुलगी तोंडावर ओढणी धरून खिडकीबाहेर बघत होती. खांदे हलत होते, आणि समितीला वाटलं ती रडतेय.

चष्मेवाल्या बाईंनी वहीतून मान वर केली. “ज्येष्ठ नागरिकांचा २००७चा कायदा माहीत आहे ना तुम्हाला? आणि १४५६७ हा नंबर? मुलगा बघत नसेल तर काकांनी नुसता फोन लावायचा.” मी मान हलवली. आयुष्यात इतक्या नम्रपणे मी कधीच मान हलवली नव्हती.

परतताना स्कूटरवर एजंट म्हणाला, “साहेब, काकांना पुढच्या वेळी घरीच ठेवू.”

रात्री नऊला त्याचाच फोन. घर मिळतंय. मुलाखत दिली होती ते नाही, त्याच सोसायटीच्या दुसऱ्या विंगमधलं, खुद्द त्या बाईंचं. भाडं दोन हजारांनी कमी. अट एकच, दर रविवारी त्या येऊन काकांची चौकशी करणार. “तुमच्यासाठी नाही म्हणाल्या,” एजंटनं आवर्जून सांगितलं. “काकांसाठी.”

करार अर्थातच अकरा महिन्यांचा. अण्णांनी विचारलं, अकराच का? वर्षाच्या आतला करार नोंदवावा लागत नाही, या जुन्या समजुतीतून तो आकडा रूढ झाला. महाराष्ट्रात १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्यानं लीव्ह अँड लायसन्स कितीही दिवसांचं असो, लेखी हवं आणि नोंदवायलाच हवं असं केलं. तरी अकरा काही हलले नाहीत. एजंटचं उत्तर जास्त सुटसुटीत होतं. “अकरा म्हणजे अकरा, काका.”

नोंदणीचा माणूस लॅपटॉप आणि ते अंगठ्याचं छोटं यंत्र घेऊन घरीच आला. बाईंचा अंगठा पहिल्या फटक्यात लागला. माझा लागेना. पुसला, फुंकला, पँटवर घासला, यंत्र लाल ते लालच. “साहेब, केसांवर फिरवा, जरा तेल लागलं की घेतं,” तो म्हणाला. मग माझ्या डोक्याकडे बघून म्हणाला, “नाकावर फिरवा.” मी नाक घासत असताना त्यानं माझं मनगट धरलं आणि मला राहवलं नाही. “ये हाथ हमका दे दे ठाकुर!”

“हात नको साहेब,” तो म्हणाला, “अंगठाच द्या.”

बाई हसल्या. पहिल्यांदाच. यंत्रावर हिरवा दिवा लागला तशी त्यांनी चष्मा काढून साखळीवर सोडला आणि अण्णांना विचारलं, “नटसम्राट कोणाचं पाहिलंत? लागूंचं की दत्ता भटांचं?”

अण्णांचा चेहरा मी वर्णन करू शकत नाही. ५१ टक्क्यांनंतर तो पहिल्यांदा पूर्ण उघडला. “दोघांचं,” ते म्हणाले. “दुभाषींचंही.”

“लागूंचं आमच्या वडिलांनी दाखवलं मला. पोलीस लाइनीत राहायचो आम्ही. बदली झाली की ट्रंकेवर बसून हेच म्हणायचे ते.”

म्हणजे त्या दिवशी त्या ऑफिसात त्यांना सगळं कळलं होतं. पहिल्या ओळीपासून. मी म्हटलं, “मग तो २००७चा कायदा?”

“तो खराच आहे,” बाई म्हणाल्या आणि चष्मा परत लावला.

सामान हलवायचा दिवस गेला तो धावपळीत. नव्या सोसायटीत सामानाची लिफ्ट दहा ते पाचच, तिचं डिपॉझिट वेगळं, टेम्पोवाला घोडबंदरला अडकला, आणि फ्रिज तीन जिने उतरवताना नव्या घरी पोचेपर्यंत त्याचं काय होणार याची पैज लागली. शेवटी रिकाम्या घरात मी आणि अण्णाच उरलो. कपाट होतं तिथं भिंतीचा जुना पिस्ता रंग निघाला. स्वयंपाकघराच्या चौकटीवर मुलीच्या उंचीच्या पेन्सिलच्या रेघा होत्या आणि त्यांच्याखाली, रंगाच्या तीन थरांआडून, माझ्या. चौकट तोडायला येणाऱ्याला सांगून ती मिळेल का, असा विचार मी करत होतो. ‘इतना सन्नाटा क्यों है भाई’ अगदी जिभेवर आलं होतं. अण्णा हॉलच्या मधोमध उभे राहिले, चारी भिंतींकडे बघितलं, खाकरले. मी वाट बघत होतो. प्रेक्षक मी एकटाच होतो, पण हाउसफुल्ल होतो.

“मीटरचं रीडिंग घेतलंस का?” अण्णा म्हणाले.

नव्या घरी पहिल्या रविवारी सकाळी बेल वाजली. बाई चौकशीला आल्या असणार म्हणून हिनं पटापटा गाद्या उचलल्या. दारात वॉचमन होता, हातात गाड्यांच्या स्टिकरचं रजिस्टर. मजला नवा, माणसं नवी. तो चाचरत म्हणाला, “ते नौपाड्याचे भाडोत्री इथेच राहतात का?”

मी, ही आणि मुलगी, तिघंही एकमेकांकडे बघत राहिलो. आतून, पेपरमागून, अण्णांचा आवाज आला.

“सध्या.”