बोटांच्या ठशांत गणित नसतं

'दहा बोटे, दहा बलस्थाने! आपल्या पाल्याची जन्मजात क्षमता फक्त बोटांच्या ठशांवरून ओळखा. आयुष्यात एकदाच. 95 टक्के अचूक.' हा मेसेज तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेल. डीएमआयटी (डर्मॅटोग्लिफिक्स मल्टिपल इंटेलिजन्स टेस्ट) या नावानं ही चाचणी शाळांत, क्लासेसमध्ये, सोसायटीच्या हॉलमध्ये विकली जाते. एरवी मी असलं काही वाचायच्या भानगडीत पडत नाही. पण या वेळी वहिनींनी पैसे भरूनही टाकले होते. जाडजूड रंगीत रिपोर्टात पाचवीतल्या पुतण्याची 'तार्किक-गणिती बुद्धिमत्ता' तळाला गेली, आणि त्याचा शिष्यवृत्तीचा क्लास बंद करायचं घाटत होतं. तेव्हा आता चाचणी विकणाऱ्यांचे मुद्दे एकेक करून घेऊच.

'प्रत्येक बोट मेंदूच्या एकेका भागाशी जोडलेलं असतं.' सगळा डोलारा या एका वाक्यावर उभा आहे आणि तेच सगळ्यात हास्यास्पद आहे. शरीरशास्त्राच्या पुस्तकात मेंदूच्या प्रत्येक अर्धगोलाचे ठळक भाग चार: पुढचा, वरचा, कानाजवळचा आणि मागचा. बोटं मात्र पाच. मग काय केलं? पुढच्या भागाचाच पुढचा तुकडा वेगळा मोजला आणि पाचाचा हिशोब जुळवला. आता प्रत्यक्षात काय होतं ते बघा. उजव्या हाताच्या पाचही बोटांना झालेला स्पर्श मेंदूच्या डाव्या बाजूच्या एकाच पट्टीत पोचतो, एकमेकांना लागून. दृष्टीचं काम मागच्या भागात चालतं, तिथे करंगळीची स्वतंत्र तार गेलेली नाही. तरी करंगळीवरच्या रेषा मोजून रिपोर्ट सांगतो की मुलाची चित्रकला किती चांगली!

'ठसे आणि मेंदू गर्भात एकाच थरापासून बनतात.' हे मात्र खरं आहे. त्वचेचा बाहेरचा पापुद्रा आणि मज्जासंस्था दोन्ही गर्भाच्या बाह्यस्तरातूनच येतात. पण केस, नखं आणि दातांवरचं एनॅमलही तिथूनच येतं. मग नखं कापून पाकिटातून पाठवली तरी चालायला हवं.

आणखी एक कबुली देऊन टाकतो. ठशांचा अभ्यास हे थोतांड नाही. त्याला डर्मॅटोग्लिफिक्स हे नाव अमेरिकी शरीररचनाशास्त्रज्ञ हॅरॉल्ड कमिन्स यांनी 1926 मध्ये दिलं. डाऊन सिंड्रोम असलेल्या बऱ्याच बाळांच्या तळहातावर एकच आडवी रेघ दिसते आणि डॉक्टर ती बघतातही. पण एखाद्या आजाराची शंका घेण्यासाठी हात बघणं वेगळं आणि धडधाकट मुलाला वाणिज्य शाखा झेपेल का हे हात बघून सांगणं वेगळं. दुसऱ्या कामाला आपल्याकडे जुनं नाव आहे, आणि त्यासाठी लॅपटॉप लागत नाही.

'हॉवर्ड गार्डनर यांच्या सिद्धांतावर आधारित.' अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गार्डनर यांनी 1983 मध्ये बहुविध बुद्धिमत्तांची, म्हणजे बुद्धी एकच नसून अनेक प्रकारची असते अशी, कल्पना मांडली. तीवरच मानसशास्त्रज्ञांत वाद आहेत. ठशांचा तिच्याशी संबंध नाही आणि खुद्द गार्डनर यांनीही या चाचण्यांपासून हात झटकले आहेत.

'95 टक्के अचूक.' कशाशी ताडून पाहिलं? उत्तर मिळालं तर मलाही कळवा.

वहिनींचं म्हणणं, 'पण बाकीचं अगदी तंतोतंत जुळलंय!' जुळणारच. बर्ट्रम फोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं 1948 मध्ये 39 विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'तुझा' म्हणून एक अहवाल दिला. मुलांनी त्याला पाचपैकी सरासरी 4.26 गुण दिले. अहवाल सगळ्यांना एकच होता आणि त्यातली बरीच वाक्यं राशिभविष्याच्या पुस्तकातून उचललेली होती. 'मूल हुशार आहे पण एकाग्रता कमी पडते' हे कुठल्या आईला पटणार नाही?

आणि हे कुणा एकट्याचं मत आहे असं वाटत असेल तर, मानसोपचारतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेनं, इंडियन सायकियाट्रिक सोसायटीनं, 2019 मध्येच जाहीर निवेदन काढून या चाचणीला शास्त्रीय आधार नसल्याचं सांगितलं आहे. निदान तेवढं तरी ग्रुपवर पुढे ढकला.

पैसे गेले त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. राग आहे तो 'एकदाच करा' या शब्दांचा. ठसे जन्मभर बदलत नाहीत, म्हणजे दहा वर्षांच्या पोराला सांगायचं की तू काहीही शिकलास तरी तुझा निकाल हाच. परवा अपूर्णांकाचं गणित अडलं तर पठ्ठ्या मला म्हणाला, "काका, माझ्यात गणित नाहीये." त्याचा अपूर्णांकाचा पाया कच्चा आहे, इतकंच. महिनाभर रोज बसलो तर जमेल. पण 'नाहीये' म्हटल्यावर बसायचं कशाला?

मुलाचं बळ ओळखायचं तर त्याला काहीतरी करायला लावावं लागतं. जिच्यात त्याला फक्त स्कॅनरवर बोट टेकवायचं असतं ती चाचणी काय ओळखणार? कल जाणून घ्यायचाच असेल तर प्रश्न सोडवायला लावणाऱ्या अभिक्षमता चाचण्या आहेत. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीसारख्या संस्था त्या वर्षानुवर्षं घेत आल्या आहेत, आणि निकाल समजावून सांगायला समोर मानसशास्त्र शिकलेला माणूस असतो. त्याही दहावीच्या आसपास. पाचवीत पोराला तबला, क्रिकेट, प्रयोग, जे मिळेल ते करू द्या. कशात तो स्वतःहून तास तास बसतो आणि चुकलं तरी परत उठून करतो, ते वहीत टिपत जा आणि त्याला त्यातलं थोडं अवघड काम द्या. पुतण्या घरातलं बंद पडलेलं सगळं खोलून बसतो. रिपोर्टात त्याचा उल्लेख कुठेच नाही.