गोदामाच्या लाइनबद्दलच्या तुमच्या तक्रारीवर आमचं उत्तर

नमस्कार शेठ,

तुमचा रिव्ह्यू वाचला. एक स्टार दिलात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. गुरुवारी दुपारी आम्ही नवी फायबर लाइन जोडली तेव्हापासून शनिवारी सकाळपर्यंत उरळी देवाचीच्या गोदामातून मार्केट यार्डातल्या दुकानाची टॅली उघडत नव्हती. चलनं निघाली नाहीत, शुक्रवारी भरलेल्या गाड्या दारात उभ्या राहिल्या. तुम्ही लिहिलंय, "पोरगं आलं, दिवे हिरवे आहेत म्हणालं आणि गेलं. शेवटी मालकाने येऊन एक ओळ टाइप केली आणि साडेतीन हजारांचं बिल लावलं." तो मालक मीच, आणि हे सगळं असंच घडलं.

फक्त आमच्या त्या मुलाला दोष देऊ नका. गुरुवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास त्याने मला फोन केला होता. "सर, नेबर फुल दाखवतंय, पलीकडचा राउटर पिंग होतोय, पण गोदामाचा रूट टेबलमध्ये येत नाहीये." म्हणजे समोरच्या राउटरशी ओळख पूर्ण झालीय, तो हाकेला ओ देतोय, पण गोदामाकडचा रस्ता राउटरच्या यादीत नाही. त्याने नेमकं काय बिघडलंय ते सांगितलं होतं. मी दुसऱ्या साइटवर होतो, घाईत होतो. म्हणालो, "नेबर फुल आहे ना, मग आपलं काम झालं, लाइनवाल्यांकडे कंप्लेंट टाक." पलीकडचा राउटर पिंग होतोय म्हणजे लाइन चालू आहे, एवढं तरी मला तेव्हा सुचायला हवं होतं. शुक्रवारचा अख्खा दिवस लाइन कंपनीच्या मागे गेला. त्यांनी तपासून लाइन स्वच्छ आहे म्हणून सांगितलं, आणि ते बरोबर होते.

आता बिघाड काय होता ते सांगतो, कारण तुम्ही पैसे मोजलेत आणि तुम्हाला ते कळलं पाहिजे.

दुकान आणि गोदाम यांच्यामध्ये ओएसपीएफ चालतं, म्हणजे राउटरांनी आपसात रस्ते ठरवण्याची पद्धत. दोन्ही राउटर आपापल्या शेजाऱ्याची माहिती एकमेकांना देतात, त्यातून प्रत्येक जण नकाशा बनवतो आणि नकाशावरून रस्ता काढतो. गोदामाच्या राउटरवर आम्ही ही लाइन 'पॉइंट-टू-पॉइंट' म्हणून लावली. लाइनवर दोनच राउटर असले की तेच चांगलं, प्रमुख राउटर निवडण्याची भानगड राहत नाही. दुकानाच्या राउटरवर मात्र इथरनेट पोर्टचा मुळातला 'ब्रॉडकास्ट', म्हणजे अनेक राउटर एकत्र असलेल्या लाइनचा, प्रकार तसाच राहिला. आता गोदाम सांगतंय, "माझ्याकडून दुकानाकडे सरळ रस्ता आहे." दुकान सांगतंय, "आम्ही दोघं एका चौकात येऊन मिळतो." ओएसपीएफचा नियम असा, की रस्ता दोन्ही बाजूंनी सारखाच नोंदवलेला असेल तरच तो धरायचा. ओएसपीएफचे नियम लिहिलेल्या १९९८ च्या आरएफसी २३२८ या दस्तऐवजातच हे आहे. नोंदी जुळल्या नाहीत, म्हणून नकाशातला तो रस्ता दोघांनीही सोडून दिला.

यात फसायला होतं ते असं. दोन्ही प्रकारांत हॅलो, म्हणजे 'मी आहे' असा निरोप, दर १० सेकंदांनी जातो आणि ४० सेकंद वाट बघितली जाते. हे आकडे जुळतात म्हणून ओळख होते, माहितीची देवाणघेवाण पूर्ण होते आणि स्क्रीनवर 'फुल' येतं. आकडे वेगळे असते तर नेबर बनलाच नसता. एमटीयू, म्हणजे एका वेळी पाठवता येणाऱ्या पाकिटाचा कमाल आकार, जुळत नसता तर गाडी एक्स्टार्टलाच, म्हणजे देवाणघेवाणीच्या सुरुवातीलाच, अडकली असती. दोन्ही वेळा त्या मुलाने पाच मिनिटांत पकडलं असतं. इथे ओळख झालेली, पिंग होतंय, पण ते लाइनच्या पलीकडच्या टोकापर्यंतच. त्या टोकामागचं गोदामाचं नेटवर्क कुठेच नाही.

शनिवारी मी रस्त्यांचं टेबल सोडून थेट ओएसपीएफचा डेटाबेस, म्हणजे नकाशामागच्या नोंदी, उघडला. गोदामाच्या राउटरची नोंद तिथे होती, आणि तिच्यातच 'ॲडव्ह राउटर इज नॉट-रीचेबल', म्हणजे ही नोंद देणाऱ्या राउटरपर्यंत रस्ता नाही, अशी ओळ होती. ती वाचली आणि दोन्हीकडचा नेटवर्क टाइप बघितला. दुकानाच्या राउटरवर 'आयपी ओएसपीएफ नेटवर्क पॉइंट-टू-पॉइंट' टाकलं, मिनिटाच्या आत रूट आला आणि गोदामातून पहिलं चलन निघालं. ही ओळ गुरुवारीच टाकायची होती.

तुमचे भाचे म्हणाले की स्टॅटिक रूट, म्हणजे हाताने लिहून दिलेला ठरावीक रस्ता, टाकून मोकळं व्हायचं होतं. त्या संध्याकाळपुरतं त्यांचं म्हणणं अगदी बरोबर आहे. दोन्हीकडे एकेक स्टॅटिक रूट टाकून तुमचं काम चालू करून द्यायला हवं होतं आणि मग बिघाड शोधायला हवा होता. ते मी केलं नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं. पण कायमसाठी तो उपाय नको. तुम्ही दुसरी लाइन मागवली आहे. आपला राउटर लाइन कंपनीच्या डब्याला जोडलेला असतो, म्हणून पहिली लाइन मध्येच कुठे तुटली तरी आपल्या राउटरचा पोर्ट चालूच दिसतो, स्टॅटिक रूट जागचा हलत नाही आणि डेटा तुटलेल्या लाइनवरच जात राहतो. ओएसपीएफला ४० सेकंद हॅलो ऐकू आला नाही की ते दुसरी वाट धरतं.

"जुना राउटर माथी मारला" असंही तुम्ही लिहिलंय, ते मात्र खरं नाही. राउटर नवा आहे, सिरियल नंबर बिलावर आहे, आणि या बिघाडात त्याचा काही संबंध नव्हता.

साडेतीन हजारांचं बिल रद्द केलं आहे, क्रेडिट नोट तुमच्या अकाउंटंटकडे आजच पाठवली. आमची चूक आम्हीच दुरुस्त केली, त्याचे पैसे लावायलाच नको होते. आता आमचा माणूस गोदामातल्या कॉम्प्युटरवर टॅलीत एक चलन उघडून बघितल्याशिवाय साइट सोडणार नाही, आणि दोन्ही टोकांचं सेटिंग शेजारी शेजारी ठेवून तपासल्याशिवाय माझ्याकडून फोनवर 'झालं' असा होकार मिळणार नाही.

दुसरी लाइन आली की मी स्वतः येतो. लाइन तुटल्यावर काय होतं ते बघायला लाइन कंपनीच्या डब्यातून पहिल्या लाइनचं फायबर काढू. आपल्या राउटरचा दिवा हिरवाच राहील, तुम्ही घड्याळ लावून बसा, आणि गोदामातून चलन निघतंय का ते तुमच्याच माणसाला बघू द्या.