बेळगावला नवं स्टेडियम नको, आधी आहे त्या मैदानांचा निचरा करा

दर काही महिन्यांनी शहराच्या पानावर एक बातमी फिरून येते. कुठल्यातरी मैदानाचा कायापालट होणार, फ्लडलाइट लागणार, गॅलरी होणार. पावसाळ्यात त्याच पानावर दुसरी बातमी असते: घरांत पाणी शिरलं, बळ्ळारी नाल्याचं पाणी शहापूर-वडगाव शिवारात पसरलं, भात पुन्हा पाण्याखाली. लोक या दोन बातम्या वेगवेगळ्या वाचतात. माझ्या मते ती एकच बातमी आहे. पडलेलं पाणी कुठून कुठे जाणार, हे काम सुरू होण्याआधी कुणी पाहिलेलं नसतं.

हिशेब साधा आहे. फुटबॉलचं पूर्ण मैदान १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद, म्हणजे ७,१४० चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. जुलैत बेळगावात दिवसाला ५० मिलिमीटर पडला तर कुणाला नवल वाटत नाही. तेवढ्यात एका मैदानावर ३ लाख ५७ हजार लिटर पाणी येतं. ते वरून वाहून जाईल किंवा खाली मुरेल. आपल्या बऱ्याच मैदानांवर या दोन्ही वाटा बुजल्यात.

वरची वाट रस्त्याने बुजवली. नवं डांबर घालण्याआधी जुना थर खरवडून काढायचा असतो. आपल्याकडे थरावर थर चढतो, मग काँक्रीट, मग कडेला पेव्हर. रस्ता वीतभर वर येतो, मैदान आहे तिथेच राहतं. गटारही रस्त्याच्या मापाने नव्याने बांधतात, त्याचा तळ वर येतो, आणि मोठ्या पावसात गटाराचंच पाणी मैदानात उतरतं. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० शहरांत बेळगावचं नाव आलं, तेव्हापासून रस्ते पुष्कळ झाले आणि त्यांची गरजही होती. पण रस्त्याची लेव्हल काढताना शेजारच्या मैदानाची लेव्हल घेतली का, एवढं तरी विचारायला हवं होतं. ते आपणही विचारलं नाही.

खालची वाट रोलरने बुजवली. शहराच्या पश्चिम बाजूची लाल माती उन्हाळ्यात दाबली की सिमेंटसारखी घट्ट होते. वरून मुरूम टाकून पुन्हा रोलर फिरवला की पाणी मुरायचं नावच नाही. त्यात मैदान सगळ्यांचं. टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा आपल्याकडे जोरात असतात, पिच मैदानाच्या मधोमध असतं. ते २०.१२ मीटर लांब, आणि फुटबॉलचं मधलं वर्तुळ १८.३० मीटर व्यासाचं. म्हणजे किकऑफची जागा नेमकी त्या गुळगुळीत पट्ट्यावर येते. ओल्यात तिथे बुटाचे स्टड रुततच नाहीत, आणि गवतातून धावत आलेल्या पोराचा पाय तिथे पोचताच सटकतो.

सभा आणि प्रदर्शनांनी होणारं नुकसान याहून वाईट आहे, कारण ते दिसत नाही. मंडपाच्या खांबांसाठी हातभर खोल खड्डे खणतात. कार्यक्रम संपला की वरवर माती ढकलून पायाने दाबतात. पहिल्या मोठ्या पावसात ती माती बसते आणि घोटाभर खळगा तयार होतो. त्यावर गवत वाढलं की खळगा झाकला जातो. घोटे आणि गुडघे जातात ते असल्या जागी. गवतात राहिलेली बाइंडिंग वायर आणि खिळे वेगळेच. मैदान भाड्याने देऊ नका असं मी म्हणत नाही. अनामत रक्कम घ्या, खड्डा थराथराने ठोकून भरून घ्या, चुंबकाची पट्टी फिरवून लोखंड वेचून घ्या आणि मगच अनामत परत द्या.

मग नीट मैदान कसं होतं? आधी दर पाच मीटरवर लेव्हल घ्यायची. लांबीच्या बाजूने मैदानाची पाठ उंच ठेवायची आणि दोन्ही कडांकडे मीटरमागे पाऊण ते एक सेंटिमीटर उतार द्यायचा. मध्यापासून कडेपर्यंत ३४ मीटर, म्हणजे पाठ कडेपेक्षा २५ ते ३४ सेंटिमीटर उंच. डोळ्यांना हा उतार जाणवतही नाही. खाली पाच-सहा मीटरच्या अंतराने चर, त्यात १०० मिलिमीटरचे भोकांचे पाइप, भोवती खडी आणि बाहेरून जिओटेक्स्टाइल कापड, म्हणजे पाणी सोडणारं पण माती अडवणारं. कापडाचे पैसे वाचवले की दोन पावसाळ्यांत गाळ पाइपात बसतो. मग तो साफ करायला टोकाला चेंबर नसतो, कारण तोही वाचवलेला असतो. चरांवर खडीचा थर, खडीवर २५ ते ३० सेंटिमीटर जाड धुतलेली वाळू आणि कुजलेलं खत.

पैसे खरे लागतात ते या थराला. २५ सेंटिमीटर धरला तरी १,७८५ घनमीटर माल होतो, म्हणजे सुमारे ६३० ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). कामात काटछाट होते ती इथेच. वर हिरवळ अंथरली की खाली १० सेंटिमीटर आहे की २५, हे उद्घाटनाच्या दिवशी कुणाला कळणार? एम-सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, चालतो, पण धुतलेला हवा. त्यातली भुकटी राहिली की तीच खाली बसून निचरा बंद करते.

सगळ्यात जास्त चूक होते ती शेवटच्या टोकाला. चर अर्धा मीटर खोल, पाइपला मीटरमागे अर्धा सेंटिमीटर उतार, असं धरून ६८ मीटर पलीकडे पाइप बाहेर पडतो तेव्हा तो जमिनीखाली पाऊण मीटरहून जास्त खोल असतो. समोरच्या गटाराचा तळ त्याच्याही खाली हवा. तो वर असेल तर हा सगळा खर्च वाया, पाइप पाण्याने भरून नुसते पडून राहतात. अशा जागी लांबच्या नाल्यापर्यंत वेगळी लाइन न्यावी लागते किंवा टाकी बांधून पंप बसवावा लागतो. म्हणून कुठल्याही मैदानाचं अंदाजपत्रक हातात आलं की पहिल्यांदा पाणी जायचा तळ शोधा. गॅलरीचं चित्र मागाहून बघा.

गवताची मात्र काळजी नको. बर्म्युडा म्हणून जे विकतात ती आपली हरळीच, निवडलेल्या वाणाची. बांधावरून उपटून उपटून शेतकरी दमतो ती हरळी. जूनच्या सुरुवातीला दहा-पंधरा सेंटिमीटरवर ठोंब लावले तर तीन-चार महिन्यांत मैदान झाकतं. तोवर त्यावर पाय पडता कामा नये, आणि नंतरही पावसाळ्यात आठवड्याला सहा-आठ तासांपेक्षा जास्त खेळ ते सोसत नाही. तेव्हा एकाच मैदानावर सगळं शहर सोडलं तर चिखलच होणार. लेले मैदान, कॅम्प, गावागावांतल्या शाळांची पटांगणं, अशी चार-पाच मैदानं मध्यम दर्जाची केली तर एका दिखाऊ स्टेडियमपेक्षा जास्त फुटबॉल होईल.

उन्हाळ्यात उलटा प्रश्न. दिवसाला पाच मिलिमीटर पाणी धरलं तरी ३५,७०० लिटर, म्हणजे पाच हजार लिटरचे सात टँकर. राकसकोप जलाशयाचं पिण्याचं पाणी त्यावर ओतायचं नाही, हे मला मान्य आहे. मैदानाची स्वतःची विहीर किंवा बोअर हवी, नाहीतर सांडपाणी शुद्ध करून मिळणारं पाणी. १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी, गांधीजी अध्यक्ष होते त्या एकमेव अधिवेशनासाठी, पिण्याच्या पाण्याची सोय म्हणून याच शहरात विहीर खणली गेली. ती काँग्रेस विहीर आजही टिळकवाडीत आहे. आधी पाणी, मग मंडप, हा क्रम तेव्हाच्या लोकांना ठाऊक होता.

कृत्रिम टर्फ हा पर्याय म्हणून वाईट नाही, पण त्याला देखभाल लागत नाही हे खोटं. आठ-दहा वर्षांत गालिचा बदलावा लागतो, रबराचे दाणे सतत भरावे आणि पसरावे लागतात, आणि एप्रिलच्या दुपारी त्याचा पृष्ठभाग इतका तापतो की लहान मुलांना खेळवू नये. बदलायचे पैसे पहिल्या वर्षापासून बाजूला टाकत नसाल तर टर्फ घालू नका.

आता वरच्या फुटबॉलकडे बघा, तिथेही हेच झालंय: वर झगमगाट, खाली पाया नाही. एप्रिल २०२५ मध्ये बंगळूर एफसी आयएसएलची (इंडियन सुपर लीग, देशातली सगळ्यात वरची लीग) फायनल मोहन बागानकडून १-२ अशी हरली. जुलैत पुढचा हंगाम लांबणीवर पडला. ऑगस्टमध्ये याच उपविजेत्या क्लबने पहिल्या संघाचे पगार थांबवले. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा लीगच्या आयोजकांबरोबरचा १५ वर्षांचा करार डिसेंबरमध्ये संपत होता, आणि नोव्हेंबरात व्यावसायिक हक्कांच्या निविदेला एकही बोली आली नाही. पुण्यात पुणे एफसी, भारत एफसी आणि एफसी पुणे सिटी हे तीन क्लब २०१५ ते २०१९ मध्ये बंद झाले. त्याआधी २०१० मध्ये मुंबईत महिंद्रा युनायटेड.

याउलट, चोर्ला घाटापलीकडे साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो २०१६ मध्ये आय-लीग या राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले, तरी गोव्याच्या लीगमध्ये खेळत राहिले, कारण खाली ती लीग होती. कोल्हापुरात आयएसएलचा संघ कधीच नव्हता. तिथे शाहू स्टेडियम पाटाकडील, शिवाजी, खंडोबा, दिलबहार या पेठांच्या संघांसाठी भरतं, आणि २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात अनिकेत जाधव भारताकडून खेळला तो याच गावचा. कोल्हापुरातली हुल्लडबाजी मला अजिबात पटत नाही, पण पेठेचा संघ वर्षानुवर्षं कसा टिकतो हे शिकायचं तर तिथेच जावं लागेल. कॅम्पातल्या शाळा आणि लष्कर यांच्यामुळे आपल्याकडेही खेळ जुनाच आहे. आपल्याला कमी पडते ती लीग.

आपल्याकडे चषक बरेच, आणि बहुतेक बाद पद्धतीचे. १६ संघांच्या बाद स्पर्धेत एकूण सामने १५. त्यातले आठ संघ एकच सामना खेळून घरी जातात. तेच आठ संघांची दुहेरी लीग घेतली तर ५६ सामने होतात आणि प्रत्येक संघाला १४ मिळतात. शनिवार-रविवार मिळून चार सामने लावले तर १४ आठवडे, म्हणजे नोव्हेंबरात सुरू करून फेब्रुवारीअखेर संपते. ट्रॉफीच्या उंचीवर आणि पाहुण्यांच्या स्टेजवर जातो तो पैसा पंच, फक्की, जाळ्या आणि प्रथमोपचाराला पुरेल.

बारा वर्षांखालच्या मुलांना मोठ्या मैदानावर अकरा-अकरा खेळवणं बंद करा. एका पूर्ण मैदानात ३० बाय २० मीटरची सहा छोटी मैदानं बसतात. पाच-पाचचे संघ केले की २२ ऐवजी ६० मुलं एका वेळी खेळतात, आणि प्रत्येकाच्या पायाला चेंडू कितीतरी जास्त लागतो. चेंडू चार नंबरचा, आठ वर्षांखाली तीन नंबरचा. सुटे लोखंडी गोल ठेवत असाल तर मागच्या दांडीवर वाळूची पोती टाकल्याशिवाय सराव सुरू करू नका. मुलं आडव्या दांडीला लोंबकळतात आणि तो सांगाडा पुढे कोसळतो.

पालकांसाठी एक कागदाची गोष्ट. महासंघाची खेळाडू नोंदणी ऑनलाइन असते. आपल्या सीमाभागात जन्मदाखला कन्नडमध्ये, शाळेचा दाखला मराठीत आणि आधार इंग्रजीत, अशा तऱ्हेने एकाच मुलाच्या नावाची तीन स्पेलिंगं झालेली असतात. निवडीच्या वेळी धावाधाव करण्यापेक्षा दहाव्या वर्षीच तिन्ही कागद एकसारखे करून घ्या. गोव्यात किंवा महाराष्ट्रात खेळायला जायचं तर नोंदणीही बदलून घ्यावी लागते, आणि ती ठरलेल्या मुदतीतच होते.

या पावसाळ्यात एक करा. मोठा पाऊस थांबल्यावर दोन तासांनी तुमच्या भागातल्या मैदानावर जा. पाणी कुठे थांबलंय त्याचा फोटो काढा, आणि कडेच्या गटाराचा तळ मैदानापेक्षा खाली आहे की वर, ते बघा. दोन दिवस उघडीप मिळाली की लांब स्क्रूड्रायव्हर घेऊन पुन्हा जा. तो मातीत वीतभर गेला तर मैदान जिवंत आहे, दोन बोटांवर अडला तर रोलरने दाबून टाकलंय. मैदानाचं नाव, तारीख, फोटो आणि स्क्रूड्रायव्हर किती आत गेला ते खाली कमेंटमध्ये लिहा. सगळं एकत्र करून नगरसेवकांकडे नेऊ.