फाईल मांडण्यातच दिवस जातो, टेक्स्चर रंगवायचं कधी?

आज परत तेच. सकाळी दहाला राजारामपुरीतल्या आमच्या गेमच्या ऑफिसात येऊन बसलो आणि दीड वाजेपर्यंत एकाही टेक्स्चरवर (थ्रीडी वस्तूवर चढवायच्या चित्रावर) ब्रश फिरवला नाही. एकाही! नुसत्या फोटोशॉपच्या नव्या फायली उघडत बसलो. 2048, 2048, पिक्सेल, आरजीबी, 8 बिट, ओके. मग ग्रुप करा: बेस कलर (मूळ रंग), नॉर्मल (उंचसखलपणा), रफनेस (खरखरीतपणा), एओ (खाचांतली सावली). नावं टाका, गाइड ओढा, प्रोफाइल बघा, सेव्ह करा. पुढची घ्या. 48 प्रॉप्स, म्हणजे गेममधल्या वस्तू. एकेकाला चार मिनिटं धरली तरी तीन तासांच्या वर गेले.

रविवारी मी पन्हाळ्याला जाऊन तीन दरवाजाच्या आसपास भर पावसात दगडांचे फोटो काढून आलोय. काळ्या पाषाणावरचं शेवाळ, सांध्यातली माती, ओल उतरलेल्या रेघा. ते सगळं रंगवायला माझे हात शिवशिवतायत आणि मी इथं आकड्यांच्या चौकटी भरतोय. लय संताप होतो.

लीडला, म्हणजे टीमच्या प्रमुखाला म्हटलं, सर, याची स्क्रिप्ट लिहितो, एका क्लिकवर सगळ्या फायली तयार होतील. उत्तर काय? "स्क्रिप्ट लिहीत बसायला वेळ नाही, हातानं कर की, किती लागतंय?" तीन तास लागतायत! दर आठवड्याला! आणि ते तीन तास कुणाच्या हिशेबात येत नाहीत, कारण माणूस स्क्रीनसमोर बसलाय, माऊस हलतोय, म्हणजे काम चालू आहे असं धरून चालतात.

आणि हातानं केलं की चुका होणारच. गेल्या महिन्यात आमच्यातल्या एकानं दमून 2048 च्या जागी 2084 टाकलं. डोळ्याला फरक कळत नाही, गेम चालवणाऱ्या इंजिनाला कळतो. मिपमॅप, म्हणजे लांबून दाखवायच्या टेक्स्चरच्या लहान प्रती, निम्म्या-निम्म्यानं उतरतात: 2048, 1024, 512, असे थेट 1 पर्यंत. 2084 चं निम्मं 1042, त्याचं निम्मं 521, तिथंच अडकलं. दोन दिवस रंगवलेलं काम परत आलं. दुसऱ्या एका फायलीत नॉर्मलच्या ग्रुपखाली 128, 128, 255 चा निळसर रंग भरायचा राहिला, पांढराच गेला, आणि सगळ्या भिंतीवर उजेड वाकडा पडला. रागावले कुणावर? ती फाईल मांडणाऱ्या पोरीवर. अरे, एकाच दिवशी 48 वेळा तेच आकडे टाकायला लावलेत तुम्ही तिला!

"टेम्प्लेट फाईल कॉपी करा" म्हणणाऱ्यांनाही सांगतो. केलं ते. आकार एकच असतो का? खिडकीला 512, पायरीला 1024, तटबंदीला 4096. प्रत्येकाची वेगळी टेम्प्लेट ठेवली, तर चौथ्या दिवशी कुणीतरी टेम्प्लेटवरच काम करून कंट्रोल-एस मारलं. न्यू डॉक्युमेंटच्या खिडकीत प्रीसेट ठेवता येतो, पण त्यात आकार, रिझोल्यूशन, रंगाचा मोड एवढंच राहतं. ग्रुप, गाइड त्यात राहत नाहीत. म्हणजे निम्मं काम परत हातानंच.

शेवटी घरी बसून रात्री लिहिली स्क्रिप्ट. भांडण तिथंही आहेच. नवी फाईल उघडायच्या आज्ञेत, डॉक्युमेंट्स डॉट ॲड मध्ये, 2048 लिहिलं, माझ्या मशीनवर झकास चाललं. शेजारच्या मशीनवर चालवलं तर पीसी गपगार! कारण तिथं फोटोशॉपचा रूलर, म्हणजे मोजपट्टी, सेंटीमीटरवर होता. नुसता आकडा दिला की तो रूलरच्या एककात धरला जातो. 2048 सेंटीमीटर, इंचाला 72 पिक्सेलच्या रिझोल्यूशनला, म्हणजे एका बाजूला 58 हजार पिक्सेल, आणि नुसता रंगाचा डेटाच 10 जीबी! सुरुवातीला रूलर पिक्सेलवर न्यायचा आणि शेवटी होता तसा परत ठेवायचा, हे कळायला माझी एक रात्र गेली. लेयर मास्क (लेयरचा भाग झाकणारा पडदा) करायची साधी आज्ञाच नाही. त्यासाठी स्क्रिप्टलिसनर (हातानं केलेलं आज्ञांत लिहून ठेवणारं प्लगइन) लावून, हातानं एकदा मास्क करून, त्यानं लिहिलेली चार-चार अक्षरांची कोडं उचलून आणायची. आणि भाषा, एक्स्टेंडस्क्रिप्ट, तर 1999 च्या जावास्क्रिप्टच्या घाटाची, यादीतल्या एकेकावर फिरायचं साधं ॲरेचं forEach नाही तिच्यात.

पण चालते! ग्रुप नावासकट येतात, नॉर्मलखाली निळा रंग भरलेला असतो, दोनच्या घातात नसलेला आकार दिला तर ती नकार देते. नावांची यादी दिली की 48 पीएसडी, म्हणजे फोटोशॉपच्या फायली, फोल्डरमध्ये. मी चहा घेऊन येईपर्यंत झालेल्या होत्या. हे मी सरांना दाखवलं, तर म्हणाले, "सगळ्यांच्या पीसीवर नको टाकूस, काही बिघडलं तर?" काय बिघडायचं राहिलंय अजून? 2084 स्क्रिप्टनं टाकलं होतं का?

उद्या 60 फायली यायच्यात, सगळ्या तटबंदीच्या. त्यातली एकही मी हातानं मांडणार नाही. स्क्रिप्ट पेनड्राइव्हवर घेतलीय, सकाळी साडेनऊलाच जाऊन त्या पोरीच्या मशीनवर पहिली टाकतो. काय बोलायचं ते मला बोला.