गच्च ठोकलेला रूळ सुरळीत असतोच असे नाही
मॉडेल रेल्वेच्या छंदात नव्याने आलेल्यांना एक सल्ला हमखास ऐकवला जातो : रूळ फळीवर खिळ्यांनी गच्च ठोका, सगळे जोड सोल्डर करून बंद करा आणि तरीही गाडी घसरली तर डब्यांत वजन भरा. हा सल्ला खात्रीचा वाटतो, पण तपासून पाहिल्यास त्यातले एकही विधान जसेच्या तसे टिकत नाही.

खिळा रुळाला नव्हे, तर स्लीपरला, म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्टीला धरतो. प्लास्टिकच्या स्लीपरच्या मध्यावर ठोकलेला खिळा थोडा अधिक खोल गेला की स्लीपर मध्यात दबतो, टोके वर येतात, दोन्ही रूळ आत कलतात आणि गेज, म्हणजे दोन रुळांमधले अंतर, आवळले जाते. एचओ मापात (मूळ रेल्वेच्या सुमारे १:८७ प्रमाणातल्या मॉडेलमध्ये) गेज १६.५ मिलिमीटर असते आणि चाकांच्या कडांना मिळणारी मोकळीक मिलिमीटरच्या अंशातच मोजावी लागते, हे लक्षात घेतले म्हणजे हातोडीचा तो शेवटचा ठोका किती महाग पडतो ते कळते. रूळ पातळ केलेल्या गोंदाने चिकटवावेत आणि खिळे गोंद वाळेपर्यंतच ठेवावेत, हे मला अधिक सुरक्षित वाटते. पॉइंटच्या, म्हणजे गाडीचा मार्ग बदलणाऱ्या सांध्याच्या, हलत्या पात्यांखाली मात्र गोंदाचा थेंबही जाता कामा नये.

जोडांविषयीचे विधान सर्वांत फसवे आहे, कारण ते अर्धे खरे आहे. फ्लेक्स ट्रॅकचे (हाताने वाकवता येणाऱ्या रुळाचे) दोन तुकडे वळणावर जोडायचे असतील, तर ते सरळ असतानाच सोल्डर करून मग वाकवणे योग्यच, नाहीतर रूळ सरळ होऊ पाहतो आणि जोडापाशी कोपरा उरतो. सरळ मार्गावर मात्र सगळे जोड बंद करणे धोक्याचे आहे. निकेल सिल्व्हर या मिश्रधातूचा (नाव काहीही असो, त्यात चांदी नसते) एक मीटर रूळ तापमान २० अंश सेल्सिअसने वाढल्यास सुमारे ०.३ मिलिमीटर लांबतो. ही वाढ क्षुल्लक वाटते. परंतु दोन्ही टोके जखडलेली आणि मधला भाग मोकळा असेल, तर भूमितीच्या हिशेबाने तोच रूळ मध्यावर सुमारे एक सेंटिमीटर बाजूला सरकू शकतो. शिवाय खालचे लाकूड दमटपणानुसार फुगते आणि आकसते, ते वेगळेच. वीजप्रवाह अखंड राहावा म्हणून सोल्डर हवे, हा युक्तिवादही पुरेसा नाही, कारण प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र वायर दिली की दोन रुळांची टोके जोडणारी जोडपट्टी गंजली तरी इंजिन थांबत नाही आणि जोडात बारीक फट ठेवता येते.

वजनाबद्दल फार लिहायला नको. अगदी हलका डबा घसरतो हे खरे, पण जोडावरची पायरी वजनाने सपाट होत नाही. उलट जड डब्यांच्या पुढे जोडलेला हलका डबा तीव्र वळणावर आत ओढला जातो. निदान सोपे आहे : वेगवेगळे डबे एकाच ठिकाणी घसरत असतील तर दोष रुळात असतो, आणि एकच डबा सगळीकडे घसरत असेल तर त्याच्या एकाच आसावरच्या दोन चाकांमधले अंतर मोजावे.