हातावर तुरी

पीएचडीला विषय मिळाला तुरीवरचा मर रोग. घरी तीन पिढ्यांची तूर, त्यामुळे विषयाची ओळख करून घ्यायची गरज नव्हती. मॅडम म्हणाल्या, "आधी लिटरेचर रिव्ह्यू कर." म्हटलं, त्यात काय, इंटरनेट आहे.

एका जगप्रसिद्ध डेटाबेसच्या चौकटीत इंग्रजी अक्षरांत ‘तूर’ टाइप केलं. शोधनिबंध धो धो आले, पण सगळे मूत्रविकारतज्ज्ञांचे. टी-यू-आर म्हणजे मूत्रमार्गातून दुर्बीण घालून केलेली शस्त्रक्रिया, हे तेव्हा कळलं. मागच्या टेबलावरची ज्युनिअर स्क्रीनकडे बघून हळूच म्हणाली, "दादा, सगळं ठीक आहे ना?" मी घाईघाईने पुढचं पान उघडलं, तर तिथे कॉकेशस पर्वतातले रानबोकड. त्यांनाही ‘तूर’च म्हणतात.

मग तुरीचं इंग्रजी नाव ‘रेड ग्रॅम’ टाकलं. आता जिवाणू आले. ग्रॅम नावाच्या डॅनिश डॉक्टरने १८८४ साली जिवाणू रंगवून ओळखायची पद्धत काढली. त्यातले ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणू सूक्ष्मदर्शकाखाली लालसर दिसतात. म्हणजे यंत्राचं काहीच चुकलं नव्हतं. लाल होतं, ग्रॅम होता, फक्त डाळ नव्हती. तुरीचं दुसरं इंग्रजी नाव ‘पिजन पी’ तोडून लिहिलं की एक ढीग, जोडून लिहिलं की दुसराच. कारण शास्त्रज्ञांचंही त्यावर एकमत नाही.

आमच्या गावात कुणाला पूर्ण नावाने विचारलंत तर माणूस सापडणार नाही. ‘पंपवाला दत्तू’ म्हणा, पोरगं दारापर्यंत सोडायला येईल. डेटाबेसचं उलट. त्याला लग्नपत्रिकेतलं नाव लागतं.

ते शास्त्रीय नाव ग्रंथपाल काकांनी सांगितलं: कजानस कजान. वर म्हणाले, अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने १९६० पासून ‘मेश’ नावाची विषयशब्दांची सूची चालवली आहे. लेखकाने काहीही लिहो, निबंधाला ठरलेला शब्द चिकटतो. १९९७ पासून सगळ्यांना फुकट असलेल्या पबमेड या त्यांच्या निबंधांच्या डेटाबेसवर तुम्ही ‘हार्ट अटॅक’ म्हणालात, तर ते मनातल्या मनात ‘मायोकार्डियल इन्फार्क्शन’ही जोडून घेतं. सासूबाई नुसतं "ते आण गं" म्हणाल्या की काय आणायचं हे कळणाऱ्या जुन्या सुनेसारखं. मराठी तूर ओळखण्याइतकी मात्र ती अजून आमच्यात रुळायची आहे.

काकांनी मग तुरीची सगळी नावं ‘ऑर’ने जोडून कंसात बसवली, पुढे ‘अँड’ आणि त्यापुढे रोगाची बुरशी, फ्युजेरियम उडम. मी तेच घरी येऊन टाइप केलं. निकाल शून्य. काकांना फोन लावला.

"दुसरा कंस लावलास का?"

"राहिला."

"अरे, कंसाचा शेवट केल्याशिवाय कधी कुणाला सुख लागलंय का!"

रात्री गावाकडून अण्णांचा फोन आला. म्हणाले, "एवढं काय शोधतोस? बीएसएमआर सातशे छत्तीस पेर, त्याला मर लागत नाही." वाण बरोबर होता. लगेच शोधायला बसलो. सलग लिहिलं तर काहीच नाही, मध्ये जागा सोडली तर दोन निबंध.

"अण्णा, मध्ये आडवी रेघ आहे का हो?"

"कशात?"

"बीएसएमआर आणि सातशे छत्तीसच्या मध्ये."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग चपला सरकवल्याचा आवाज आला.

"थांब. गोठ्यात बियाण्याची पिशवी आहे, बॅटरी घेऊन बघून येतो."